खंडेनवमीची वेज

दसऱ्याच्या पहाटे मी चहाचं आधण ठेवत होते. तेवढ्यात माझी लेक बाल्कनीतून आत आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, वेज बदलायची."

माझ्या हातातून साखरेचा डबा पडायचाच बाकी होता. आदल्या दिवशी ज्या वेजने तिला तारलं होतं ती सोडून आज दुसरी घ्यायची, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. मी तसं बोललेही. तिला म्हण कळली नाही, पण माझा आवाज कळला. दिल्लीत वाढलेल्या मुलीला आईच्या मराठीतला राग तेवढा नीट समजतो.

वेज म्हणजे गोल्फमधली आखूड, तिरप्या तोंडाची काठी. बॉल छिद्राच्या जवळपास आला, की त्याला उचलून अलगद पुढे ठेवायचं काम तिचं. आमच्याकडे दोन होत्या. दोघींचा फरक मला पहिल्यांदा समजेना, मग स्वयंपाकघरातून समजला. एकीचं बूड रुंद आणि फुगीर, शिरा परतायच्या डावासारखं. मऊ, ओल्या जमिनीत किंवा भुसभुशीत वाळूत ती रुतत नाही, वरून सरकते. दुसरीचं बूड पातळ, धिरडं उलथायच्या उलथन्यासारखं. कडक जमिनीवर ती बॉलच्या खाली बरोब्बर शिरते. पण उलट केलंत की संपलं. फुगीर बुडाची कडक जमिनीवर आपटली तर उसळते आणि बॉलच्या मध्यावर बसते, मग बॉल कुठल्या कुठे जातो. पातळ बुडाची वाळूत मारली तर फावड्यासारखी आत घुसते आणि बॉल तिथेच राहतो.

दोन्ही का नाही न्यायच्या? कारण नियमाने पिशवीत चौदाच काठ्या. बाकीच्या तेरांपैकी एकही सोडायला लेक तयार नव्हती. त्या मैदानावर लांबच लांब पल्ले होते, तिथे लांब काठ्या लागणारच होत्या.

"काल ओलं होतं," ती म्हणाली. "रात्रभर पछवाचा कोरडा वारा चाललाय. हात बाहेर काढून बघ ना. सगळं ड्राय झालं असणार."

"आणि वाळू? बंकर नव्या वाळूने भरलेत. त्यात गेलीस तर?"

"नाही जाणार."

सतराव्या वर्षी माणूस असंच बोलतं. माझ्या नवऱ्याने पेपरमधून डोकं वर न काढता 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हणून घेतलं. ही म्हण मात्र तिला नेमकी माहीत होती. तिने चहा तसाच ठेवला आणि खोलीत निघून गेली. मला नवऱ्याचाच जास्त राग आला, कारण आजच्या दिवसाची अट त्याने घातली होती.

अट अशी. ही मुलींची दोन दिवसांची स्पर्धा होती. पहिल्या चौघी उत्तर विभागाच्या संघात जाणार. तिचं नाव त्या चौघींत आलं, तर पुढचं वर्षही सराव चालू. नाही आलं, तर बारावी संपेपर्यंत गोल्फची पिशवी माळ्यावर. तिने मान हलवून कबूल केलं होतं आणि मी मधे पडले नव्हते. पण मला माहीत होतं. बारावीपुरत्या माळ्यावर गेलेल्या गोष्टी खाली येत नाहीत. माझा खो-खो असाच बारावीपुरता थांबला होता. शाळेच्या संघात माझ्याइतकी चपळ कुणी नव्हतं. परीक्षेनंतर मैदानावर मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही.

आता ती पातळ बुडाची वेज कुठे होती ते सांगायला हवं. ती देवापुढे पाटावर होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या माहेरी त्या दिवशी घरातल्या हत्यारांना, अवजारांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विसावा द्यायचा, हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये अवजारं म्हणजे काय? नवऱ्याचे पाने-स्क्रू ड्रायव्हर, माझी शिवणाची कात्री, लॅपटॉप. गोल्फच्या चौदा काठ्यांना विसावा देणं शक्य नव्हतं, स्पर्धेचा पहिलाच दिवस होता. म्हणून घरी राहणाऱ्या पंधरावीला मी सगळ्यांच्या वतीने पाटावर बसवलं. लेकीने ते पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मला बजावलं, "आई, प्लीज, तिथे कुणाला सांगू नकोस हं." आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी तिला तिथे कुणाला सांगायच्या नसतात. माझं मोठ्याने मराठी बोलणं, डब्यातली थालीपिठं, माझी पाचवारी साडी, सगळं त्या यादीत आहे. मी ते मनाला लावून घेत नाही असं म्हणते, पण लागतं.

तर त्या पहाटे मी घाईघाईने पाटावर अक्षता टाकल्या, उत्तरपूजा केली, वेज जराशी हलवून उचलली आणि पदराने पुसून तिच्या हातात दिली. हळदकुंकू ओलं करून लावायची माझी सवय. कोरडं लावलं की सांडतं. ते रात्रभरात वाळून वेजच्या तोंडावरच्या बारीक खाचांत घट्ट बसलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात फक्त घड्याळ होतं.

रामलीलेच्या मैदानापाशी रस्ता वळवलेला होता. संध्याकाळी जाळायचा रावण अजून जोडायचा होता. धड एकीकडे, दहा तोंडं ओळीने जमिनीवर, आणि माणसं बांबू बांधत होती. नोएडाच्या रस्त्याला लागेपर्यंत आमचा बराच वेळ गेला. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. मी नवऱ्याबद्दल, ट्रॅफिकबद्दल आणि रावणाबद्दल जे काही बोलले त्यातलं एकही वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही. पोचलो तेव्हा तिची वेळ व्हायला आली होती. चार पट, म्हणजे छिद्राकडे लोळवायचे हलके फटके, मारून बघण्यापलीकडे सराव झाला नाही. ती वेज तर तिने हातातही घेतली नाही.

या स्पर्धेत पालकाने पिशवी उचललेली चालत होती, म्हणून मी तिची कॅडी. मला तिची एकच सूचना असते, की पिशवी उचल आणि बोलू नकोस. नवऱ्याचा गुडघा बरा असता तर त्यालाच नेलं असतं, असंही ती म्हणते. मी तोंडात वेलदोडा ठेवते आणि गप्प राहते.

मैदानावर पाऊल ठेवताच मला कळलं की पोरगी बरोबर होती. काल बुटांखाली चिखल वाजत होता, आज जमीन टणक झाली होती. गवतही अगदी जमिनीलगत कापलं होतं. आमच्याबरोबर खेळणारी मुलगी गुडगावची होती, उंच आणि देखणी, कालच्या यादीत आमच्या लेकीच्या मागोमाग असलेली. तिच्याकडे फुगीर बुडाचीच वेज असावी. दोनदा ती जमिनीवरून उसळली आणि बॉल ग्रीनच्या पार पलीकडे पळाला. ग्रीन म्हणजे छिद्राभोवतीची गुळगुळीत हिरवळ. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लेक मात्र वेजला हातच लावत नव्हती. कडक जमिनीवर साध्या लोखंडी काठीने ती बॉल नुसता लोळवत नेत होती, सपाट आणि सावध. पण नुसत्या सावधपणाने भागत नाही. दोन छोटे पट चुकले, एक बॉल झाडीत गेला, आणि शेवटची काही होल उरली तेव्हा बातमी आली की पहिल्या तिघी पुढे निघून गेल्यात. चौथ्या जागेवर आमची लेक आणि ही गुडगावची मुलगी अगदी बरोबरीत होत्या. म्हणजे आता दोघींत एक. त्या मुलीचे वडील दोरीच्या पलीकडून चालत होते. त्यांनाही बातमी कळली असणार, कारण त्यांनी फोन खिशात टाकला तो परत काढला नाही.

आणि मग ती वेळ आली. लेकीचा बॉल ग्रीनच्या अलीकडे टणक जमिनीवर थांबला, आणि त्याच्या आणि छिद्राच्या मधे बंकर, म्हणजे वाळूचा मोठा खड्डा. लोळवून जायला वाटच नव्हती. बॉल उचलायलाच हवा होता. तिने पातळ बुडाची वेज मागितली. मी दिली.

तो फटका मी जन्मभर विसरणार नाही. आवाजसुद्धा किती हलका. वेज बॉलखाली शिरली, बॉल वर गेला, खड्डा ओलांडला, ग्रीनवर उतरला आणि दोन पावलं चालून छिद्राजवळ बसला. फुगीर बुडाची असती तर तो बॉल पलीकडच्या तळ्यात शोधावा लागला असता. मी सूचना विसरून टाळी वाजवली.

लेकीने बॉल पुसायला उचलला. गुडगावची मुलगी शेजारीच उभी होती. तिच्या आवाजात काहीही कपट नव्हतं. ती सहज म्हणाली, "ये लाल क्या लगा है?"

बॉलवर कुंकू होतं. लालभडक, त्यात हळदीची पिवळी रेघ, आणि वेजच्या खाचांचे ठसे उमटलेले. दोरीपलीकडून त्या मुलीचे वडील पुढे आले, त्यांनी बॉल बघितला, वेज बघितली आणि हात वर करून रेफरीला बोलावलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण खरं सांगते, जागा बदलून मी त्यांच्या ठिकाणी असते तर मीही हात वर केला असता.

रेफरी लहान गाडीतून आले. वयस्कर, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, आवाज अजिबात न चढवणारे. त्यांनी नियम समजावून सांगितला. बॉल वेगळा जावा म्हणून काठीच्या तोंडाला काही लावून फटका मारला, तर दंड एकच, स्पर्धेतून बाहेर. कॅडीने लावलं तरी ते खेळाडूनेच लावल्यासारखं. मग त्यांनी वेज उन्हात धरली, खाचांतून नख फिरवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मैडम, ये किसलिए लगाया?"

आता यावर काय बोलायचं? 'चांगलं खेळावं म्हणून' म्हटलं की लेक बाहेर. 'सहज' म्हटलं तर ते खोटं, आणि सणाच्या दिवशी देवाच्या कुंकवाबद्दल खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. लेक बघत नव्हती. ती बुटाच्या टोकाकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. जे तिने तिथे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, तेच आता मला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं होतं.

मी सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्यात या दिवसांत अवजाराची पूजा करतात. त्याच्याकडून काही मागत नाहीत, वर्षभर त्याने आपल्यासाठी काम केलं त्याचे उपकार मानतात. रेफरीने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, आणि तो जास्त वाईट होता.

"आप मानती हैं कि इससे ये बेहतर खेलेगी?"

हात जोडले तेव्हा मी मागितलं होतं. अगदी मनापासून, पोरीचं नाव चौघींत येऊ दे असंच मागितलं होतं. मी म्हणाले, "माँगा तो था, साहब. लेकिन देवी से माँगा था. इस लोहे से नहीं."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की हा निर्णय ते एकट्याने देणार नाहीत. खेळ पूर्ण करा, फटक्यांच्या नोंदीच्या कार्डावर सही व्हायच्या आधी मुख्य रेफरी ठरवतील. वेज आता स्वच्छ करून वापरता येईल. पण तो एक फटका मारून झाला होता, आणि प्रश्न त्याच फटक्याचा होता.

उरलेली होल आम्ही अशी खेळलो. स्पर्धेत आहोत की बाहेर आहोत हे माहीत नसताना. मी चालता चालता बॉल टेकवायच्या लाकडी टीच्या टोकाने खाचांतली हळद उकरत होते. शेवटच्या होलवर दोघी अजूनही बरोबरीतच होत्या. गुडगावच्या मुलीने आपले फटके पूर्ण केले, ठरलेल्यापेक्षा एक जास्तीचा घेऊन. म्हणजे आमच्या लेकीने नीट संपवलं तर चौथी जागा तिची.

आणि तिचा बॉल बंकरमध्ये गेला. नव्या, भुसभुशीत वाळूत अर्धा बुडालेला. इथे जी फुगीर बुडाची हवी होती, ती घरी चपलांच्या कपाटाशेजारी उभी होती.

आता मला राहवलं नाही. तिच्याजवळ जाऊन म्हटलं की ही नको, साधी मोठ्या तोंडाची काठी घे, नुसता बाहेर काढ. शिवाय ज्या वेजवरून एवढं झालं ती पुन्हा लोकांसमोर काढायची मला लाज वाटत होती, आणि तेही मी बोलून टाकलं.

"आता ही वापरली नाही तर आपण खरंच काही केलं असं दिसेल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तोंड उघडं ठेवून मारते. बूड खाली येतं मग."

मला ते कळलं नाही, नंतर कळलं. वेजचं तोंड आकाशाकडे फिरवलं की पातळ बुडाचीही मागची बाजू आधी वाळूला लागते आणि ती कमी रुतते. जमिनीप्रमाणे वेज निवडायची हे खरं, पण निवडून झाल्यावर हातात जी आहे तिच्याशीच जमवायचं असतं. ती वाळूत उतरली, पाय घट्ट रोवले आणि मारलं. वाळूचा मोठा फवारा उडाला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बॉल ग्रीनवर होता, फार जवळ नाही, पण होता. तो लांबचा पट तिने एवढा वेळ बघितला की मला वाटलं आता संध्याकाळ होणार. मग तिने तो मारला आणि तो आत गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना माहीत होतं की अजून मुख्य रेफरींचा तंबू बाकी आहे.

तंबूत मुख्य रेफरी टेबलामागे बसले होते, समोर रेफरींनी ठेवून घेतलेला तो बॉल आणि ती वेज. गुडगावची मुलगी आणि तिचे वडील एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं आणि लेकीला विचारलं, फटका मारताना काठीला हे लागलेलं आहे हे तुला माहीत होतं का?

मी मनातल्या मनात तिला ओरडून सांगत होते, नाही म्हण. नाही म्हण, विषय संपतो. गर्दीत, घाईत कुणाचं लक्ष जातं? कुणीही विश्वास ठेवला असता.

"हाँ सर," ती म्हणाली. "मैंने देखा था."

मुख्य रेफरींनी पेन खाली ठेवलं. "देखा था? तो पोंछा क्यों नहीं?"

माझी लेक, जिला माझी थालीपिठं लपवायची असतात, जी बाहेर मला 'हळू बोल ना' म्हणून कोपराने ढोसते, तिने मान वर केली.

"आई ने लगाया था," ती म्हणाली. 'मम्मी' नाही म्हणाली. "बॉल के लिए नहीं रखा, सर. मुझसे पोंछा नहीं गया."

दोन्ही रेफरी बाजूला जाऊन बोलले. किती वेळ ते सांगता येणार नाही. परत आल्यावर मुख्य रेफरी म्हणाले की खेळ बदलावा म्हणून काही लावलेलं नाही, तेव्हा दंड नाही, आणि पुढच्या वेळी वस्तू पुसून आणायची. लेकीने कार्डावर सही केली. गुडगावच्या मुलीच्या वडिलांनी तिच्याशी हात मिळवला, मग माझ्याकडे बघून नुसतेच हात जोडले. त्यांची मुलगी रडत होती, आणि आता मला खरंच वाईट वाटलं. चौथं नाव आमचं होतं.

तंबूतून बाहेर पडले आणि माझा बांध फुटला. एवढं दिसलं होतं तर पुसता येत नव्हतं का, अक्कल गहाण ठेवली होती का, वर्षभराची मेहनत एका बोटभर कुंकवावर उडवायची होती का, असं मी पार्किंगपर्यंत तिला रागावत गेले. मोठ्याने, मराठीत, आजूबाजूची माणसं वळून बघत असताना. ती शेजारून चालत होती. हळू बोल असं ती एकदाही म्हणाली नाही.